सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात मावळत्या सूर्याचे किरण थेट देवीच्या मूर्तीवर पडतात, त्या किरणोत्सवासंबंधी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलेले सचित्र वृत्त वाचले. छायाचित्र उत्तम होते आणि तिन्ही दिवसांची हकिकतही नीट दिली होती. मात्र वृत्तासोबतच्या चौकटीत असे एक वाक्य होते की दक्षिणायनात सूर्य पृथ्वीपासून दूर जातो, त्यामुळे थंडी पडते, आणि मकर संक्रांतीपासून तो परत जवळ येऊ लागतो. या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या दोन्ही किरणोत्सवाच्याच आधाराने दुरुस्त करता येतात, म्हणून हा पत्रप्रपंच. खगोलशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून माझी हयात गेली, कोन आणि अंतर यांच्यावरच पोट भरले, आणि निवृत्तीनंतर तीच नजर बांधावरून उचलून आकाशाकडे लावली, एवढाच माझा अधिकार.

पहिली चूक अंतराची. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नसून किंचित लंबगोल आहे. सूर्याचे सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर धरले, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते सर्वांत जास्त, म्हणजे १५ कोटी २१ लाखांच्या आसपास असते, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत कमी, म्हणजे १४ कोटी ७१ लाखांच्या आसपास. याचा अर्थ असा की ज्या दिवसांत आपल्याकडे पहाटे शेकोट्या पेटतात आणि गुऱ्हाळघरात काम नसलेली माणसेही चुलवाणापाशी रेंगाळतात, त्याच दिवसांत सूर्य आपल्याला जुलैपेक्षा ५० लाख किलोमीटरने जवळ असतो आणि पृथ्वीवर एकूण ऊनही जवळजवळ ७ टक्के अधिक पडते. तरीही थंडी पडते, कारण पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे आणि डिसेंबर-जानेवारीत आपला उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर झुकलेला असतो. कोल्हापुरात २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून फक्त ५० अंश वर चढतो, जमिनीवर तिरपे ऊन पडते आणि तेच ऊन अधिक जागेवर पसरते. त्यात दिवसही जूनच्या मोठ्या दिवसापेक्षा दोन तासांनी लहान असतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला सिडनीचा कसोटी सामना आठवावा. तिथले प्रेक्षक टोप्या घालून घाम पुसत असतात आणि आपण इथे सकाळी स्वेटर घालून तो टीव्हीवर पाहतो. सूर्य दोघांनाही सारखाच लांब असतो.

आता किरणोत्सवाकडे येतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी गेली काही वर्षे एक साधा उद्योग करतो. गच्चीच्या मधोमध एक खिळा ठोकला आहे. त्यावर टाचा ठेवून उभे राहायचे आणि सूर्य जिथे बुडेल त्या दिशेला पश्चिमेच्या कठड्यावर ऑइलपेंटने बारीक रेघ ओढून तारीख टाकायची. दिशा ठरवताना होकायंत्र वापरले नाही, कारण स्लॅबमधल्या सळ्यांमुळे सुई भरकटते. त्याऐवजी ओळंब्यात उभी केलेली सळई मध्ये ठेवून तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढले. सकाळी सळईच्या सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवले तिथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा जिथे शिवले तिथे दुसरी, अशा दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. आपल्या जुन्या ज्योतिष्यांचा शंकू तो हाच. त्या रेषेपासून मोजले असता १० नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य बरोबर पश्चिमेला न मावळता तिच्या डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडे, सुमारे १८ अंशांवर मावळतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला हा कोन साडेचोवीस अंशांपर्यंत वाढतो आणि जूनच्या त्याच तारखांना तेवढाच उजव्या हाताला, उत्तरेकडे भरतो. नेमक्या पश्चिमेला सूर्य मावळतो तो वर्षातून दोनच वेळा, २० मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास. शाळेतल्या वहीत मात्र तो बारा महिने पूर्वेलाच उगवतो आणि पश्चिमेलाच मावळतो.

या ४९ अंशांच्या पट्ट्याबाहेर सूर्य कधीही जात नाही. पन्हाळा शहरातून पाहता जवळपास वायव्येला, म्हणजे पश्चिमेपासून सुमारे ४५ अंशांवर आहे. त्यामुळे शहरातून पाहणाऱ्याला जूनमध्येसुद्धा सूर्य पन्हाळ्याच्या मागे बुडताना दिसणे शक्य नाही. तसे वर्णन मी दोन-तीन ठिकाणी वाचले आहे. लिहिणाऱ्यांनी ते गच्चीवर जाऊन लिहिले नसावे.

कठड्यावरच्या रेघांमधले अंतर सारखे नाही, आणि मला सर्वांत अधिक शिकवले ते याच गोष्टीने. मार्च आणि सप्टेंबरमध्ये मावळतीची जागा दिवसाला सुमारे २५ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला), म्हणजे सूर्यबिंबाच्या रुंदीच्या पाऊण हिश्श्याहून अधिक सरकते. नोव्हेंबरच्या दहा तारखेला हीच गती १८ कलांवर येते. बिंबाची रुंदी ३२ कला असल्याने रोजची सरक अर्ध्या बिंबाहून थोडी जास्त होते. पुढे १५ ते २८ डिसेंबरच्या दरम्यान तर रेघा एकमेकींवर बसू लागतात, कारण त्या संपूर्ण पंधरवड्यात जागा एक तृतीयांश बिंबाइतकीसुद्धा हलत नाही. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थांबतो आणि परत फिरतो, तसे हे थांबणे आहे.

महाद्वारातून गरुड मंडपावाटे गाभाऱ्यापर्यंत जाणारा मार्ग लांब आणि त्या मानाने अरुंद आहे. एखाद्या नळीतून पाहावे तसा तो आकाशाचा लहानसाच तुकडा आत घेतो. सूर्य दिवसाला अर्ध्या बिंबाने पुढे सरकत या तुकड्यातून जातो, म्हणून किरणोत्सव महिनाभर न चालता मोजके दिवसच टिकतो. दक्षिणेकडे जाताना तो ९, १० आणि ११ नोव्हेंबरला या दिशेवरून जातो आणि परत येताना ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. वाचकांनी दिनदर्शिका काढून दिवस मोजावेत. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस होतात आणि २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. बांधणाऱ्यांनी साधली ती एक दिशा. तारखा दोन मिळाल्या त्या सूर्याच्या जाण्यायेण्यामुळे.

याच मोजणीत आपल्या चौकटीतली दुसरी चूक पकडली जाते. सूर्याचे परत फिरणे २१-२२ डिसेंबरला सुरू होते. १४-१५ जानेवारीला आपण तिळगूळ वाटतो तोवर त्याला परतीच्या वाटेवर चोवीस दिवस झालेले असतात आणि कठड्यावरच्या रेघा स्पष्टपणे उजवीकडे सरकलेल्या असतात. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. ती राशी ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजलेली आहे, तर उत्तरायण हे पृथ्वीच्या आसाच्या कलावर ठरते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन गोष्टी एकाच दिवशी येत असत. पण फिरत्या भोवऱ्याची आर जागेवर असताना त्याचे डोके जसे सावकाश घिरटी घेते, तसा पृथ्वीचा आसही सुमारे २५,८०० वर्षांत एक घिरटी पुरी करतो, आणि त्यामुळे दर ७०-७१ वर्षांना एक दिवस याप्रमाणे संक्रांत पुढे सरकत गेली. सण १४-१५ जानेवारीलाच करावा, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फक्त त्या दिवशी सूर्य वळतो असे छापू नये.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबरातल्या आणि फेब्रुवारीतल्या किरणोत्सवाच्या वेळी सूर्य आकाशात एकाच उंचीच्या वाटेने जातो, एकाच ठिकाणी मावळतो आणि दिवसाची लांबीही दोन्ही वेळा सारखीच, सुमारे ११ तास २४ मिनिटे असते. असे असूनही १० नोव्हेंबरला कोल्हापुरात सूर्यास्त ६ वाजण्याच्या बेतात होतो आणि १ फेब्रुवारीला तो साडेसहाच्या जरासा आधी होतो. हा जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक मंदिरात आलेल्या प्रत्येकाच्या लक्षात येतो, पण त्याचे कारण सहसा कोणी विचारत नाही. कारण घड्याळात आहे. घड्याळ वर्षभर एकाच चालीने चालते, सूर्य मात्र तसा चालत नाही. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असल्यामुळे कक्षेत वेगाने धावते आणि जुलैत संथ होते. शिवाय आसाच्या कलामुळे सूर्याची वाट विषुववृत्ताला तिरपी असते. या दोन्हींचा मेळ होऊन नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुमारे १४ मिनिटे मागे पडतो. याला कालसमीकरण म्हणतात. त्याचाच आणखी एक परिणाम असा की कोल्हापुरात सर्वांत लवकर सूर्यास्त २१ डिसेंबरला न होता नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, आणि सर्वांत उशिरा सूर्योदय होतो तो जानेवारीच्या मध्यानंतर. सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलांच्या आयांना हे पंचांग न पाहताही माहीत असते.

महाद्वार रस्त्यावरच्या अडथळ्यांविषयी आपण लिहिलेत ते योग्यच आहे, परंतु त्याला आकड्यांची जोड असती तर वाचकांना त्याचे गांभीर्य कळले असते. सूर्य खाली उतरतो तसे किरण अधिकाधिक आडवे होत जातात, आणि म्हणून प्रकाश आधी चरणांवर पडून मग वर चढत मुखापर्यंत जातो. म्हणजे मुखावरचे किरण हे त्या संध्याकाळचे अखेरचे किरण असतात आणि अडथळा जेव्हा खालून वर येतो तेव्हा तो नेमके तेच कापतो. शंभर मीटरवरच्या इमारतीवर पावणेदोन मीटर उंचीचा पत्र्याचा आडोसा किंवा पाण्याची टाकी चढवली, की आकाशाचा एक अंश झाकला जातो. कोल्हापुरात मावळता सूर्य एक अंश उतरायला सुमारे साडेचार मिनिटे घेतो. ज्या सोहळ्यात सगळा खेळच काही मिनिटांचा आहे, तिथे एका टाकीची किंमत अशी मोजावी लागते.

मध्यान्हाविषयीचा घोटाळाही असाच सार्वत्रिक आहे. कोल्हापूर १६ अंश ४२ कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो, ६ मेच्या आणि ६ ऑगस्टच्या आसपास. ऑगस्टातला दिवस बहुधा ढगांतच जातो, म्हणून शून्य सावलीचा कार्यक्रम मे महिन्यातच होतो. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मैदानावर अशाच कार्यक्रमाला मला बोलावले होते. पन्नासेक मुले बाटल्या, डबे, पेले घेऊन आली होती आणि बाराच्या ठोक्याला सगळ्यांनी ते उन्हात मांडले. सावली काही जाईना. मी नेलेल्या एक मीटरच्या सळईची सावली चांगली बारा-साडेबारा सेंटिमीटर होती. आयोजकांनी ‘यंदा एक दिवस चुकला वाटतं’ असे जाहीर केले, मुलांना सरबत दिले आणि सव्वाबाराला मैदान रिकामे झाले. मी आणि तिथला शिपाई तेवढे थांबलो. बारा वाजून तीस मिनिटांनी सळईची सावली तिच्या बुडाखाली गेली. शिपायाने सळईभोवती एक फेरी मारली आणि मला विचारले, “साहेब, मग बारा वाजता काय असतंय?” बारा वाजता प्रयागराजजवळून (पूर्वीचे अलाहाबाद) जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर, वर्षभरात जास्तीत जास्त सोळा-सतरा मिनिटांच्या फरकाने, मध्यान्ह असतो. आपले घड्याळ त्या रेषेचे आहे. कोल्हापूर ७४ अंश १४ कला रेखांशावर, म्हणजे तिच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला असल्यामुळे सूर्याला आपल्या डोक्यावर यायला ३३ मिनिटे अधिक लागतात. कालसमीकरण धरून कोल्हापूरचा खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १७ मिनिटांनी होतो आणि फेब्रुवारीत १२ वाजून ४७ मिनिटांपर्यंत जातो. दुपारी बाराला तो वर्षातल्या एकाही दिवशी होत नाही.

सूर्य मावळल्यावरचे आकाश हा याच हिशेबाचा उरलेला अर्धा भाग आहे. पृथ्वी सूर्याभोवती दिवसाला जवळपास एक अंश पुढे जाते, म्हणून कोणताही तारा रोज चार मिनिटे आधी उगवतो आणि महिन्यात दोन तासांचा फरक पडतो. शहरातल्या सुशिक्षित माणसाला हे नवीन वाटते, पण शेतकऱ्याचे अख्खे पावसाळी वेळापत्रक यावरच उभे आहे. ७-८ जूनला मृग निघतो याचा अर्थ सूर्य त्या दिवशी मृग नक्षत्राच्या विभागात शिरतो. साहजिकच त्या दिवसांत मृगाचे तारे उन्हात बुडालेले असतात आणि दिसत नाहीत. तेच मृग नक्षत्र डिसेंबरच्या मध्याला संध्याकाळनंतर पूर्वेला उगवते आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येते, कारण तेव्हा सूर्य बरोबर विरुद्ध बाजूला असतो. पुढे आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस असे तेरा-चौदा दिवसांचे टप्पे टाकत सूर्य ज्या वाटेने जातो त्या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात, आणि ग्रहसुद्धा तिच्याच आसपास हिंडतात. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस यावरून पाऊस पडत नाही हे मला मान्य आहे, परंतु सूर्य ताऱ्यांमधून फिरतो ही माहिती आपल्या जिल्ह्यात इतक्या लोकांच्या तोंडी आहे, आणि शाळेत मात्र तिचा कोणी उपयोग करून घेत नाही. नृसिंहवाडीचा कन्यागत पर्वकाळ २०१६ साली झाला तो गुरू कन्या राशीत आला म्हणून, आणि पुढचा २०२८ साली येणार तो गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षे लागतात म्हणून. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्याला बाराने भागले की एका राशीत अडीच वर्षे आणि तीन राशींत साडेसात वर्षे येतात. ज्या साडेसातीला माणसे घाबरतात, तिचा मूळ आकडा हा एवढा साधा भागाकार आहे.

ताऱ्यांच्या अंतराविषयी मात्र मोजणीदार म्हणून मला थोडे अधिक लिहायचे आहे. नदीपलीकडचे झाड किती लांब आहे हे नदी न ओलांडता काढायचे असेल तर आम्ही अलीकडे एक रेषा मोजून घेतो, तिच्या दोन्ही टोकांवरून झाडाचा कोन घेतो आणि त्रिकोण सोडवतो. तारा मोजायलाही दुसरी युक्ती नाही. फक्त इथे रेषा म्हणून पृथ्वीची कक्षाच वापरतात. एक कोन आज घ्यायचा, दुसरा सहा महिन्यांनी, तोवर पृथ्वी ३० कोटी किलोमीटर पलीकडे गेलेली असते. एवढी लांब आधाररेषा असूनही शेकडो वर्षे कोणाला फरक सापडला नाही, आणि पृथ्वी फिरतच नाही असे म्हणणाऱ्यांचा तो एक मोठा आधार होता. १८३८ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचा फरक प्रथम पकडला. पाठोपाठ हेंडरसन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला घेतलेल्या नोंदींवरून मित्र या ताऱ्याचे अंतर प्रसिद्ध केले. मित्र हा सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा ठळक तारा, तरीही त्याचा पराशय, म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या रेषेवर होणारा कोन, पाऊण विकलाच भरतो. अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला होते. अडीच सेंटिमीटरचे रुपयाचे जुने नाणे सात किलोमीटरवरून पाहिले तर ते पाऊण विकलेचे दिसेल. आमच्या थिओडोलाईटवर, म्हणजे कोन मोजण्याच्या यंत्रावर, वीस विकलांपर्यंत वाचन लागले तरी आम्ही खूश असायचो. मे महिन्यात रात्री दक्षिण क्षितिजालगत, मधे इमारती नसतील तर, हा मित्र कोल्हापुरातून साध्या डोळ्यांनी दिसतो.

आमच्या ३३ फुटी साखळीच्या भाषेत सांगायचे तर, एक मीटर व्यासाचा गोळा सूर्य म्हणून ठेवला तर पृथ्वी म्हणजे हरभऱ्याचा दाणा, पावणेअकरा साखळ्यांवर; गुरू ५६ साखळ्यांवर, नेपच्यून ३२१ साखळ्यांवर, आणि मित्र सुमारे ३० लाख साखळ्यांवर. इतक्या अंतरावरून आपला सूर्यही एक साधी चांदणीच दिसेल, कारण तो तारा आहे. सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करणारा, त्यातून चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान उजेडात घालवणारा, आणि तरीही मध्यम चणीचा. आर्द्रेचा तांबडा तारा त्याच्या जागी आणून ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्या ताऱ्याच्या पोटात जाईल. व्याधाचा जो प्रकाश आज रात्री डोळ्यांत शिरेल तो ८.६ वर्षांपूर्वी, म्हणजे आता तिसरीत असलेल्या मुलाच्या जन्माच्या सुमारास निघालेला आहे. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सव्वाआठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे देवीच्या मुखावर पडलेला किरण सूर्यावरून निघाला तेव्हा महाद्वारात लोक अजून जागेसाठी रेटारेटी करत होते.

आता माझी विनंती. आपल्या दैनिकात रोज पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापल्या जातात. त्या मी वर्षभर ताडून पाहिल्या असून त्या मुंबईच्या आहेत. नोव्हेंबरमध्ये मुंबईचा सूर्यास्त आपल्यापेक्षा दोनच मिनिटे उशिरा असल्याने ते खपून जाते, परंतु सूर्योदयात त्याच वेळी आठ-नऊ मिनिटांचा फरक असतो आणि जूनमध्ये सूर्यास्तातही दहा मिनिटांचा फरक पडतो. जयंत नारळीकरांचा जन्म ज्या गावात १९ जुलै १९३८ रोजी झाला, त्या गावच्या आवृत्तीत निदान सूर्य तरी गावचा असावा. कोल्हापूरच्या वेळा द्याव्यात, त्यांच्या जोडीला त्या दिवसाचा खरा मध्यान्ह आणि सूर्य पश्चिमेपासून कोणत्या बाजूला किती अंशांवर मावळणार तो आकडा द्यावा, आणि शक्य झाल्यास संध्याकाळी कोणता ग्रह किंवा कोणते नक्षत्र कोणत्या दिशेला दिसेल याची एक ओळ. एवढ्याला चार ओळींपेक्षा अधिक जागा लागणार नाही. वर्षभराचे आकडे मी काढून ठेवले आहेत. कोणा जाणकाराकडून तपासून घेऊन ते विनामूल्य वापरावेत.

चुकीची दुरुस्ती छापाल तेव्हा ‘अंतर’ हा शब्द काढून त्या जागी ‘आसाचा कल’ असे घातले तरी माझे समाधान होईल. पत्र लांबले आहे, त्यामुळे जागेअभावी ते कापावे लागेल याची मला कल्पना आहे. तसे झाल्यास साखळ्यांचा मजकूर खुशाल वगळावा. १२ वाजून १७ आणि १२ वाजून ४७ हे दोन आकडे मात्र ठेवावेत, कारण येत्या मे महिन्यात पुन्हा कोणीतरी मुलांना बारा वाजता मैदानावर उभे करणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक
मंगळवार पेठ, कोल्हापूर